उसवण

नोव्हेंबर लागला की कागद येतो,
वरच्या मजल्यावरून, घडी घालून,
कधी कॉफीचा डाग पडलेला.
त्यावर शर्टांचे आकडे असतात, नावं नसतात.
नावं मला काढायची असतात.

स्टेडियमच्या पोटात, बॉयलरला लागून माझी खोली.
एक मशीन, एक दिवा,
आणि अक्षरांनी भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
एकवीस हिवाळे मी इथे उसवते आहे.
शिवणं सोपं.
उसवताना आपणच मारलेली गाठ
कुठे लपवली ते आठवावं लागतं.

या वर्षी पहिला आकडा सत्तावीस.
तेरेरो. कॅचर. नऊ मोसम.
गुडघ्यांत वाळू साचली म्हणे त्याच्या.
(माझ्याही साचली आहे,
पण उकिडवं बसायचे मला कोणी लाखो देत नाही.)
"करार वाढवत नाही आम्ही," कॉर्टलँड म्हणाला
जिन्यातच उभा राहून, किल्ल्या खुळखुळवत.
"आता तो फ्री एजंट. मोकळा."
मोकळा.
घोडा थकला की माझे वडीलही
कुंपणाचं फाटक उघडून
हेच म्हणायचे.

पट्टी निघाली.
खालचं कापड अजून पहिल्या दिवसाचं निळं,
भोवतालचं उन्हानं विटलेलं.
वाफ दिली, इस्त्री फिरवली,
सुईची भोकं काही बुजली नाहीत.

डिसेंबरात कुठल्याशा हॉटेलात बाजार भरला.
तिसऱ्या बेसवरचा ओकाझाकी गेला,
दोन पोरांच्या बदल्यात,
त्यातल्या एकाला धड मिशी नाही.
त्याचं सामान मीच खोक्यात भरलं:
तीन ग्लोव्ह, खोकल्याच्या गोळ्या,
लेकीनं रंगवलेला एक दगड.
हॉफस्टेटरला खालच्या लीगमध्ये धाडलं.
त्यानं जाताना माझा स्टेपलर नेला.

मग एका रात्री फोन.
फेरेरा घेतला! डावखुरा पिचर, सात वर्षांसाठी,
आकडा असा, की माझा भाचा
शून्यं बोटानं मोजत बसला.
सकाळी दहाला पत्रकार येणार,
शर्ट हवा,
आणि नव्या अक्षरांचं पार्सल
सरोवराकडून आलेल्या बर्फात
हायवेवर अडकलेलं.

मी डबा पालथा केला.
एफ हॉफस्टेटरचा.
आय आणि ए ओकाझाकीचे.
बाकी सगळं तेरेरोकडे होतं:
ई, आर, आर, ई,
चार तर ओळीनं, जसेच्या तसे,
आणि मागून आणखी एक आर.
पहाटे तीनला शेवटचा टाका घातला.
डब्यात राहिले टी आणि ओ,
एकमेकांना खेटून.

सकाळी फेरेरानं शर्ट चढवला, कॅमेरे लखलखले.
कापड जुनं आहे हे कोणाला कळणार?
त्याला मात्र तो अंगाला बसला.
शुभ आहे, म्हणाला, सरावालाही हाच घालीन.

फेब्रुवारीत मशीनसकट मला फ्लोरिडाला नेतात.
तिथे पुन्हा कागद आला.
दुसऱ्या कॅचरचा अंगठा मोडला होता.
तेरेरोला कोणीच उचललं नव्हतं.
छोटा करार, नुसतं सरावाचं बोलावणं,
आकडा चौऱ्याहत्तर.

तो शर्ट घ्यायला स्वतः आला.
नव्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.
"कडक आहेत."
"धुतल्यावर पडतील नरम," मी म्हटलं.
जुनी कुठे गेली, त्यानं विचारलं नाही.
मी दोरा तोडत राहिले.

दुपारी कधी नव्हे ती मैदानावर गेले.
फेरेरा टेकाडावर उभा,
तेरेरो त्याच्या समोर, उकिडवा,
गुडघे कुरकुरत असणार.
कॅचरला पिचरचा चेहरा दिसतो,
पाठ दिसते ती मागच्या रिकाम्या खुर्च्यांना.
एकदाच फेरेरा वळला,
खाली पडलेली राळेची पिशवी उचलायला,
आणि वाकला.

तेरेरो बघत होता की नाही,
जाळीच्या मुखवट्यातून काय कळणार.
त्यानं ग्लोव्हवर मूठ आपटली,
दोनदा,
आणि चेंडू मागितला.